कंसातला शब्द

सोमवारी सकाळी सात-वीसच्या ट्राममध्ये चढताना ट्रेव्हर स्कीनचा डावा हात दाराच्या दांडीपासून चार बोटं अलीकडेच मिटला. झालं ते एवढंच. मी पुढे चालकाच्या जागेवर होतो आणि बाहेरच्या आरशात थांब्यावरची माणसं चढताना बघत होतो, रोज बघतो तशी. त्याने हात पुढे केला, मूठ वळली, आणि मुठीत काहीच आलं नाही. मग त्याने त्या मुठीकडे पाहिलं. आपण आत्ता काहीतरी धरलं होतं आणि ते गेलं कुठे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्याने उजव्या हाताने दांडी पकडली आणि आपलं साडेसहा फुटांचं धूड आत ओढून घेतलं. आमच्या ट्रामचा कंडक्टर जॅक संधी सोडणारा नव्हे. "काय रे बगळ्या, शनिवारीसुद्धा असंच झेलत होतास म्हणे!" डब्यात हशा पिकला. ट्रेव्हरही हसला. दोनदा घंटा वाजली. दोन घंटा म्हणजे निघा, सव्वीस वर्षांत माझ्या हाताला याखेरीज काही ठाऊक नाही. पण त्या सकाळी हात ब्रेकवरच राहिला. मागच्या मोटारी कोकलायला लागल्या, जॅकने पुन्हा घंटा ओढली, तेव्हा कुठे मी निघालो. पुढच्या पाच थांब्यांवर मी आरशात बघायचं टाळलं, आणि हे चालकाने कधीही करू नये.

मी नोएल ट्रेंगोव्ह. आठवड्याचे पाच दिवस ट्राम चालवायची आणि उरलेल्या वेळात क्वारी रोड फुटबॉल क्लबचा कोच म्हणून मिरवायचं, हा माझा तेव्हाचा संसार. नदीपलीकडचा आमचा भाग म्हणजे विटांच्या भट्ट्या, कातडी कमावायचे कारखाने आणि दोन हजार घरं. त्यातल्या प्रत्येक घरात एक कोच असायचा. गोलाच्या चार खांबांपुढे आमच्याकडून कोण उभा राहणार, हा प्रश्न त्या सप्टेंबरात न्हाव्याने, पावाच्या दुकानवाल्याने आणि आमच्या पाद्रीबाबांनीसुद्धा मला विचारला. गेली आठ वर्षं तिथे ट्रेव्हर उभा होता. उंच, बारीक, मान पुढे काढून चेंडूची वाट बघायचा, म्हणून बगळा. आमच्या फुटबॉलात चेंडू हातांनी झेलायचा आणि मग लाथेने खांबांमधून मारायचा, एका गोलाचे सहा गुण. आदल्या मोसमात त्याने चौऱ्याण्णव गोल केले होते. आणि यंदा जुलैपासूनच्या सात सामन्यांत तीन. हातातले झेल सुटत होते, चेंडू एकीकडे आणि उडी दुसरीकडे. बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात आम्ही हरलो तेव्हा कुंपणापलीकडच्या कुणा वात्रटाने "बगळा वगळा!" अशी आरोळी ठोकली, आणि यमकामुळे ती चिकटली. यमकाला दयामाया नसते. तिसऱ्या सत्रापर्यंत शाळकरी पोरीसुद्धा ती तालावर म्हणायला लागल्या. मोसमभर वरच्या जागी राहिल्यामुळे ती एक हार आम्हाला माफ होती. आता येत्या शनिवारी हरलो की मोसम संपला, जिंकलो की अंतिम सामना. छप्पन्न सालानंतरचा पहिला. बगळ्याचा फॉर्म गेलाय, असं सगळे म्हणत होते. जणू तो छत्रीसारखा ट्राममध्ये विसरला होता आणि डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर चौकशी केली की मिळणार होता. मीही तेच म्हणत होतो. फार सोयीचा शब्द आहे तो. त्यात कुणाचाच दोष नसतो.

पण ती हवेत मिटलेली मूठ पाहिली आणि मला जुलै आठवला. खरं सांगायचं तर आठवायला मी तो विसरलोच नव्हतो, नुसता खाली दाबून ठेवला होता. चिखलाचा दिवस, निलगिरीच्या तेलाचा वास, समुद्रपक्षी मैदानाच्या मध्यावर खुशाल बसलेले. ट्रेव्हर झेल घ्यायला उडाला आणि मागून येणाऱ्या गड्याचा गुडघा त्याच्या उजव्या कानाच्या वर बसला. आवाज मला कडेला ऐकू आला. आमच्या मालिशवाल्याने त्याला आणून बाकावर बसवलं, डोक्यावर ओला स्पंज पिळला आणि तो दुसरी बादली आणायला गेला. मी समोर गुडघे टेकून बसलो आणि विचारलं, "किती गोल झाले आपले, सांग." त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी स्वच्छ होते. आणि लहान मुलाच्या आवाजात तो म्हणाला, "आई आली का?" त्याची आई, डॉट, आमच्या क्लबात मध्यंतराला संत्री कापायची. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या शवपेटीला मी खांदा दिला होता. सहा मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "आली, आली. संत्री कापतेय. तू जा." आणि तो गेला. उठून सरळ मैदानात गेला, डोक्यावरून येणारा चेंडू त्याने कसा झेलला देव जाणे, आणि भोंगा वाजायच्या आत गोल मारला. त्या संध्याकाळी मला बिअर पाजायला लोकांची रांग लागली होती. काय कोच आहे, म्हणाले, माणसात जीव फुंकतो. तो त्याचा शेवटचा धड गोल. पुढचे तीन हे मी गोल म्हणत नाही. चेंडू त्याच्या अंगावर आपटून आत गेले होते.

गुरुवारी सरावाला मी त्याच्याकडेच बघत राहिलो. उत्तरेकडच्या गोलामागे आमचं मोठं निलगिरीचं झाड आहे आणि त्यावर काळ्यापांढऱ्या मॅगपाय पक्ष्याचं घरटं. सप्टेंबर आला की पिल्लांपायी तो नर पिसाळतो आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो. आमचा मैदान राखणारा म्हातारा त्या महिन्यात आइस्क्रीमचा रिकामा डबा टोपीसारखा घालून, त्याला मागे डोळे रंगवून हिंडतो. पोरं त्या टोकाला गेली की एक डोळा चेंडूवर आणि एक झाडावर ठेवतात. त्या संध्याकाळी पक्षी सुटला तो ट्रेव्हरच्या डावीकडून. सगळ्यांनी पाहिला. "बगळ्या, डावीकडे! वाक, वाक!" पोरं ओरडली आणि स्वतः वाकली. ट्रेव्हर ताठ उभा. चोच कानावर बसली तरी त्याची पापणी हलली नाही. बसल्यावर मात्र तो दचकला आणि वळला. वळला तो उजवीकडे. उजवीकडून गरकन पूर्ण फिरून त्याने डावीकडे काय आहे ते पाहिलं, तोवर पक्षी फांदीवर जाऊन बसला होता. "पक्ष्याने पक्ष्याला मारलं!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे चिखलात लोळून हसले. मी त्याला रक्त पुसायला म्हणून बाजूला घेतलं.

"ट्रेव्हर, डावीकडचं नीट दिसतं ना तुला?"

"दिसतं की."

मी त्याच्या डाव्या खांद्याशी हात धरला. "किती बोटं?"

त्याने मान वळवली. "तीन."

"मान न वळवता सांग."

"कोच, बगळा आहे मी. मान वळवणारच." तो हसला आणि मग हसायचा थांबला. मैदानावरचे दिवे नुकतेच लागत होते, त्यांच्याकडे त्याला बघवत नव्हतं. "सकाळी जरा डोकं धरतं. गोळी घेतली की जातं."

"डॉक्टरकडे जा."

"गेलो तर तो नाही म्हणेल. म्हणून तर जात नाही." त्याने माझ्या कोटाची बाही धरली; पहिल्या खेपेला ती त्याच्या हाती लागली नाही, दुसऱ्या खेपेला लागली. "मी एकतीसचा झालो, कोच. हा सप्टेंबर गेला की दुसरा नाही. मला बाकी काही येत नाही हो. विटा रचता येतात आणि हे येतं."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक 'बघू' म्हणालो असेन. आयुष्यात कठीण प्रसंगी मी बहुतेक वेळा 'बघू'च म्हणालो आहे.

आता तो कंस. आमच्या भागाचं चार पानी साप्ताहिक दर शुक्रवारी येतं. त्यात संघात आत कोण आणि बाहेर कोण ते छापतात, आणि बाहेरच्या प्रत्येक नावापुढे कंसात कारण. दुखापत. आजारी. कामावर. आणि सगळ्यात वाईट, वगळला. हा शब्द खाटकाच्या सुरीसारखा आहे म्हणून तो आम्ही फक्त नव्या पोरांना वापरतो. शंभर सामने खेळलेल्या माणसाला क्वारी रोडवर कुणी वगळत नाही. त्याचा एखादा अवयव दुखतो. कुठला दुखतो याचीही रीत ठरलेली आहे. मांडी म्हणजे एक आठवडा बाहेर. कंबर म्हणजे मोसम संपला. गुडघा म्हणजे पुन्हा येऊ नकोस. घरगुती कारण म्हणजे दारू. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पावाच्या दुकानातली बाईसुद्धा ते वाचून बरोबर अर्थ लावते आणि समोरच्याला पाव देताना हळहळते, "कंबर का रे बाबा? अरेरे." सगळ्यांना ठाऊक असतं की ते खोटं आहे, आणि सगळे ते जपतात. आमच्या भागात ममता म्हणतात ती हीच.

त्या गुरुवारी दुपारीच, सरावाच्या आधी, ट्रेव्हरचा बाप अर्नी माझ्याकडे डेपोत आला होता. चहाच्या खोलीत माझ्यासमोर बसला, टोपी मांडीवर ठेवली. क्लबातल्या बारा नंबरच्या कपाटाच्या दारावर त्याचं नाव रंगवलेलं आहे आणि त्याखाली मुलाचं. "नोएल, तू पोराला बाहेर बसवणार हे मला दिसतंय," तो म्हणाला. "बसव. तुझ्या जागी मीही बसवला असता. पण वगळला लिहू नकोस."

"लिहीन का मी?"

"छप्पन्नच्या अंतिम सामन्याला माझा गुडघा झाला होता. आठवतं ना?" छप्पन्नला मी शाळेत होतो, पण मला आठवत होतं, ते सगळ्यांनाच आठवतं. "ठणठणीत गुडघा. डॉटने आठवडाभर तेल लावून चोळला, तिलाही मी खरं सांगितलं नाही. लोकांनी बघितलं तर काय म्हणतील म्हणून लंगडायला लागलो. दोन महिने लंगडलो. मग ती सवय लागली ती लागलीच." आणि तो उठून दाराकडे गेला, लंगडत. दारात वळून म्हणाला, "त्याला परत यायची वाट ठेव. एवढंच."

मी त्याला हाक मारून सांगायला हवं होतं की अर्नी, तुझ्या पोराच्या डोक्यात काहीतरी झालंय, आणि तसल्या डोक्याने त्याला मैदानात परत धाडणारा मी आहे. तोंड उघडलंही होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझ्या मुठीत तर सगळ्या गावाचा कोच होता. ती उघडली की त्यात काय उरलं असतं?

संघ निवडायची आमची पद्धत साधी. क्लबाच्या खोलीत भिंतीवर अंडाकृती फळी, तिला अठरा खिळे, आणि पत्र्याच्या बिल्ल्यांवर नावं. ज्याला काढायचं त्याचा बिल्ला बिस्किटांच्या डब्यात, पालथा. निवड करणारे तिघं: मी, निवड समितीचा अध्यक्ष वॉली ग्रँज, धंद्याने खाटीक, आणि कीथ नावाचे एक शाळामास्तर, जे शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने मत देत. त्या गुरुवारी रात्री वॉली म्हणाला, "बाद फेरीला मोठी माणसं लागतात. बगळा नुसता उभा राहिला तरी त्यांचे दोन गडी त्याच्याजवळ अडकतात." मी म्हणालो, थिओला उभा करू. थिओ मासेवाल्याचा मुलगा, एकवीस वर्षांचा, चपळ, पण उंची बेताची. वॉली माझ्याकडे बघतच राहिला. "थिओ? त्यांचा बचावातला धिप्पाड गडी थिओला नाश्त्याला खाईल. तुला जिंकायचंय ना?" आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या क्षणी कळलं, आणि मी स्वतःलाच घाबरलो. मला जिंकायचं नव्हतं. ट्रेव्हरशिवाय आम्ही हरणार, शनिवारी पाच वाजता सगळं आटपणार, मग उन्हाळा, मग डॉक्टर, आणि कुणाला काही सांगायची पाळीच येणार नाही. मी शेवटी बोललो, कीथ माझ्या बाजूने पडले. बिल्ला मी स्वतः काढला. डब्यात टाकताना त्याचा आवाज झाला तो मला आवडला नाही. वॉलीने छापखान्याला फोन लावला, एकेक नाव सांगत गेला, आणि बाहेरच्यांपाशी आल्यावर फोनवर हात ठेवून त्याने मला विचारलं, "स्कीन. कंसात काय?"

कंबर म्हणायचं होतं. शब्द ओठावर होता. पण अर्नी दारात वळलेला दिसला, परत यायची वाट ठेव म्हणणारा. आणि एक आठवडा पुष्कळ झाला, कारण एका आठवड्यात आम्ही संपणारच होतो.

"मांडी," मी म्हणालो.

"मांडी," वॉलीने फोनमध्ये सांगितलं. "हो, हो, मांडीच."

शनिवारी आम्ही तीन गुणांनी जिंकलो. थिओने सात गोल केले. असा खेळ आमच्या मैदानाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. चेंडू जणू त्याचा माग काढत येत होता. शेवटच्या सत्रात त्याच्यावर दोघं आपटले आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तो हात पोटाशी धरून बाहेर आला आणि तशाही स्थितीत हसत होता. भोंगा वाजला. लोक कुंपणावरून उड्या टाकून आत धावले, वॉलीने माझ्या टकलाचा मुका घेतला, आणि त्या सगळ्या मैदानात हरलेला माणूस मी एकटाच होतो. ट्रेव्हर साध्या कपड्यांत धावत आला आणि त्याने मला उचललं. उचलून गरगर फिरवलं. दोनदा फिरवलं आणि मग त्याचा तोल गेला, आम्ही दोघं चिखलात पडलो, आणि लोकांना वाटलं आनंदाने पडले.

घरी नॉर्माने, माझ्या बायकोने, माझ्या पुढ्यात मटणाचं ताट ठेवलं आणि समोर बसली. तिला मी शुक्रवारी सगळं सांगितलं होतं, संत्र्यांचंही. आता ती म्हणाली, "कंबर लिहायचं होतंस."

"मला काय माहीत आपण जिंकू!"

"अख्ख्या गावाला सांगत फिरतोस की जिंकू म्हणून. तुझा एकट्याचाच विश्वास नव्हता होय?" ती उठली, भांडी घासायला लागली, माझ्याकडे पाठ करून. "आता तरी सांग. नुसतं सांगून टाक, नोएल. फार तर कोच राहणार नाहीस."

"सांगतो."

"कधी?"

"गुरुवारी. समितीसमोर."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आमच्या बोळात रोज संध्याकाळी ट्रेव्हर पळत पुढे आणि अर्नी लंगडत मागे. मांडी बरी झाली हे गावाला दिसावं म्हणून. बायका फाटकाशी येऊन टाळ्या वाजवायच्या. कधीच न दुखलेली मांडी बरी झाली म्हणून माणसं डोळे पुसत होती. दुकानातल्या बाईने त्याला बनपाव फुकट दिला. बुधवारी ट्राममध्ये चढताना ट्रेव्हर माझ्या काचेपाशी आला, "कोच, तुमच्या मांडीने मला वाचवलं," म्हणाला, आणि डोळा मारला. आम्हा दोघांत एक गुपित आहे असं त्याला वाटत होतं. होतंच. फक्त त्याला वाटत होतं ते नव्हतं. त्याची डावी बाजू मी पाहिली: दाढी अर्धीच केलेली. उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट, कानापासून हनुवटीपर्यंत. जॅकलाही दिसलं असणार, पण अंतिम सामन्याच्या आठवड्यात पोरं नवस म्हणून काहीही करतात, मोजे धूत नाहीत, दाढी करत नाहीत. कुणाला काहीच वाटलं नाही.

गुरुवारी समिती बसली. थिओचा बिल्ला डब्यात गेला, पालथा, कंसात खरंखुरं हाड. वॉलीने बिस्किटांच्या डब्यात हात घालून ट्रेव्हरचा बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. "लाव. तुझ्याच हाताने लाव." खोलीत त्या दिवशी क्लबाची जुनी माणसंही आली होती, भिंतीला टेकून उभी, हातात बिअर. अर्नी बारा नंबरच्या कपाटाशी. मी बिल्ला घेतला नाही.

"एक बोलायचंय," मी म्हणालो. "मांडीचं नाही. त्याचं डोकं..."

"डोकं?" वॉली म्हणाला. "गोलापुढच्या गड्याला डोकं कशाला लागतं रे? तू खेळायचास तेव्हा तुला कुठे होतं?"

खोली हसली. कीथ हसले, अर्नी हसला, खोकला येईपर्यंत हसला. आणि मीही हसलो. हे मला सांगितलंच पाहिजे. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. हसू उतरल्यावर एक रिकामी जागा आली होती, चांगली मोठी, वॉली भुवया उंचावून थांबला होता, "हां, बोल, काय म्हणत होतास?" असंही म्हणाला. त्या जागेत एक वाक्य सहज मावलं असतं. मी अर्नीकडे पाहिलं. तो इतका सुखात होता की त्या वेळी तो नीट दोन्ही पायांवर उभा होता. मी बिल्ला घेतला आणि खिळ्याला लावला.

अंतिम सामन्याच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. आमच्याकडे तो वारा आला की घोडे बिथरतात, तोंडात माती येते, आणि संध्याकाळी वादळ येणार हे ठरलेलं असतं. आभाळ पितळी झालं होतं. तीन हजार माणूस कुंपणाला लागलं होतं. कपडे बदलायच्या खोलीत पोरं जमिनीवर बूट आपटत होती, तेलाचा वास नाकात झोंबत होता, मी भाषण केलं आणि त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मग पोरं दाराशी गोळा झाली. ट्रेव्हर बाकावरच बसला होता. मी जवळ गेलो. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटी होती, ती मी वाकून बांधली. बांधून वर पाहिलं तर तो माझ्याकडे बघत होता. डोळे स्वच्छ. चेंडू नाही, गुडघा नाही, अजून कुणी त्याला स्पर्शही केला नव्हता.

"आई आली का?" त्याने विचारलं.

दाराबाहेर तीन हजार माणसं एकदम ओरडली. पंचांनी हात केला असणार. पोरं सुटली, दोघांनी येऊन ट्रेव्हरला खाकेत धरून उठवलं, "चल बगळ्या, चल!", आणि तो उठला, बाहेरचा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला. मी 'आली' म्हणालो नाही. 'जा' म्हणालो नाही. तेवढं तरी मी केलं, असं मी नॉर्माला पुढे कितीदा तरी सांगितलं. मी पोरांच्या गर्दीतून घुसून त्याच्या आधी दाराशी पोचलो. दारापासून मैदानापर्यंत पत्र्याचा अरुंद बोळ आहे, त्यातून एकेकच माणूस धावतो. मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो आणि हात वर केला, ट्राम थांबवायला माणसं करतात तसा, पंजा उघडा. थांब म्हणून ओरडलोही; वाऱ्यात आणि त्या गोंगाटात माझं मला ऐकू आलं नाही. तो मान पुढे काढून धावत आला. माझ्या हाताला त्याचा डावा खांदा घासून गेला. त्याने पाहिलंच नाही. बाहेरच्या पितळी उजेडात तो गेला, लोकांनी आरोळी ठोकली, "बगळा! बगळा!", या वेळी दुसरा शब्द न लावता, आणि मी हात तसाच वर धरून उभा होतो, दाराच्या डाव्या बाजूला.